निनावी छायाचित्रे आणि घराण्याचा इतिहास

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे कुलवृत्तांत छापावयाचा, अशी समजूत रूढ झालेली आहे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, गोत्र कोणते, कुलदैवत कोणते, वतन अथवा इनाम कोणी दिले, सनद कोणाकडे आहे आणि पुढे शाखा कशा फुटल्या, हे सारे त्यात क्रमाने येते. शेवटी वंशवृक्षाची मोठी घडी उलगडून दाखविली म्हणजे काम पुरे झाले असे आपण मानतो. हे काम हलके आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या उद्योगाने घरोघरच्या माळ्यांवरील दप्तरांना मान मिळाला. नाहीतर ते कागद बंबात गेले असते किंवा वाळवीने खाल्ले असते.

परंतु दप्तर म्हणजे काय, याचाही एकदा विचार केला पाहिजे. दप्तरात कागद राहतो तो हक्काचा. जमीन, पैसा, वतन, वाटणी, तंटा आणि तंट्याचा निवाडा यांचे कागद लोक जपून ठेवतात, कारण ते पुढे उपयोगी पडतात. ज्याला हक्क नाही तो या कागदांत येत नाही, किंवा आलाच तर दुसऱ्याच्या हक्कापुरता येतो. घरातील स्त्री दप्तरात बहुधा केव्हा दिसते? पती निवर्तला आणि दत्तक घ्यावयाचा प्रश्न निघाला म्हणजे, किंवा अन्नवस्त्राचा तंटा उभा राहिला म्हणजे. तिने चाळीस वर्षे संसार केला, दहा बाळंतपणे सोसली, त्यांतली चार मुले जगविली, याची नोंद करण्याचे दप्तराला कारण नव्हते. तीच गोष्ट कुळाची, गड्याची, बिगाऱ्याची आणि पोटासाठी परमुलखात गेलेल्या धाकट्या भावाची.

मग या माणसांचा इतिहास कोठे पाहावयाचा? आमचे म्हणणे असे की, तो घरातील वस्तूंत पाहावा. भिंतीवरचा फोटो, माळ्यावरचे पितळी घंगाळ, पेटीच्या तळाशी असलेली जन्मपत्रिका, देव्हाऱ्याच्या खणातले पदक, हीसुद्धा साधने आहेत. आणि जेथे कागद गप्प बसतो तेथे ती पुष्कळ वेळा बोलतात. मात्र कागद आणि वस्तू यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मोडी वाचणारा जाणकार शंभर वर्षांनीही मिळेल आणि कागद वाचून दाखवील. फोटोतील चेहरा वाचणारा जाणकार शंभर वर्षांनी मिळणार नाही. ते माणूस प्रत्यक्ष पाहिलेला कोणीतरी जिवंत आहे तोवरच तो चेहरा ओळखता येतो. या विषयात थोडीबहुत निकड आहे ती यासाठी.

छायाचित्र ही वस्तू म्हणून

फोटो हाती आला की आपण प्रथम चेहरा पाहतो. संशोधकाने प्रथम फोटो उलटा करून पाहावा. तो कशावर डकविलेला आहे, पुठ्ठा केवढा आहे, कागदाचा रंग कसा आहे, मागे शिक्का आहे काय, हे आधी पाहिले तर चेहऱ्याचे काम सोपे होते.

छायाचित्रणाची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. प्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत आरंभीच पडलेल्या एतद्देशीयांपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी याच सुमारास मुंबईत स्टुडिओ थाटला. म्हणजे आपल्याकडील एखाद्या सधन घरात १८६० नंतरचा फोटो सापडला तर त्यात अशक्य असे काही नाही.

त्या काळचे फोटो बहुधा अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छापीत आणि तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. काळाने त्यांना पिवळट तपकिरी रंग येतो. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने व्हिजिटिंग कार्डाच्या मापाच्या फोटोचे पेटंट घेतले. त्याचा पुठ्ठा सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच असे. पुढच्या दशकात त्याहून मोठा, सुमारे सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असा ‘कॅबिनेट’ पुठ्ठा निघाला आणि शतक संपेपर्यंत घरोघर तोच दिसू लागला. पुढे जिलेटिनचा कागद आला. त्याचा रंग करडा-काळा असतो आणि जुन्या झालेल्या अशा फोटोत काळ्या भागावर, विशेषतः कडांना, आरशासारखी चकाकी येते. १९०० साली कोडॅक कंपनीने एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ पेटी-कॅमेरा काढला आणि स्टुडिओबाहेरचे, अंगणातले, ओसरीवरचे फोटो काढणे साध्या माणसाच्याही आवाक्यात येऊ लागले. एवढी माहिती असली म्हणजे ‘हा आमच्या पणजोबांचा सत्तावनच्या बंडातला फोटो’ असे सांगण्यापूर्वी माणूस जरा थांबतो.

पोशाखही साक्ष देतो. गांधी टोपी असलेला फोटो १९२० च्या फारसा आधीचा असणार नाही. पगडी, पागोटे, रुमाल, काळी टोपी आणि उघडे डोके यांचा क्रम प्रत्येक घरात थोडाफार निरनिराळा असतो, पण एकाच घरातील पाचसहा फोटो शेजारी मांडले की तो दिसून येतो. स्त्रियांच्या बाबतीत नऊवारी व पाचवारी यांचा असाच क्रम लावता येतो. जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या पावलांमागे लोखंडी बैठकीचा तुकडा कधी कधी दिसतो. तो मान स्थिर ठेवण्याच्या शिकंज्याचा पाय होय. काही सेकंद हालचाल न करता उभे राहावे लागे, म्हणून हा खटाटोप. आपले पूर्वज फोटोत रागावलेले दिसतात याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापूर्वी या शिकंज्यात शोधावे हे बरे!

पण फोटो खोटेही बोलतो. स्टुडिओत कोट, काठी, घड्याळाची साखळी, टेबलावरची पुस्तके ही सामग्री तयार असे. आजीच्या हातात पुस्तक आहे म्हणून ती लिहावयास-वाचावयास शिकलेली होती असे ठरत नाही. याहून मोठा धोका भिंतीवरच्या मोठ्या तसबिरींत असतो. वडील माणूस वारले आणि त्याचा स्वतंत्र फोटो नाही असे झाले म्हणजे लग्नातल्या किंवा मुंजीतल्या सामुदायिक फोटोतील त्याचे तेवढे डोके घेऊन, ते मोठे करून, खाली कोट-उपरणे हाताने रंगवून देण्याचा धंदा गावोगाव चाले. अशा तसबिरीतील चेहरा आजोबांचा आणि कोट चित्रकाराच्या मनातला. म्हणून तसबीर हाती आली की मूळ फोटोचा शोध घ्यावा. तो सापडला तर आजोबांबरोबर त्या लग्नाला आलेली आणखी पंचवीस माणसेही सापडतात.

फोटोखालचा मजकूरसुद्धा तपासूनच घ्यावा लागतो. याचे एक उत्तम उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या फोटोचे आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेल्या या फोटोत हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या सबात इस्लाम्बुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या आहेत. प्रत्येकीच्या खाली हस्ताक्षरात नाव, गाव आणि देश लिहिलेला आहे. आनंदीबाईंच्या नावामागे ‘डॉक्टर’ अशी पदवी आहे. परंतु त्यांना ती पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, म्हणजे फोटोनंतर पाच महिन्यांनी. अर्थात मजकूर फोटोच्या दिवशीचा नव्हे, मागाहूनचा आहे. गावाचे नाव पाहावे तर ते कल्याणचे नाही आणि पुण्याचेही नाही. बंगालमधील सेरामपूरचे आहे, आणि तेही मोडक्या स्पेलिंगात. आनंदीबाईंचे चरित्र ठाऊक नसलेला माणूस त्यांना बंगाली समजेल. गोपाळराव जोशी टपालखात्यात होते आणि अमेरिकेस जाण्यापूर्वी या जोडप्याचे बिऱ्हाड सेरामपुरास होते, हे माहीत असले म्हणजे कोडे सुटते. एवढ्या नामांकित व्यक्तीच्या फोटोखालच्या एका ओळीत जर इतके शोधावयास लागते, तर आपल्या घरच्या फोटोंना किती लागेल! आणि तरीही ती ओळ कोणीतरी लिहिली म्हणूनच त्या दोन परदेशी विद्यार्थिनींची नावे आज आपणांस घेता येतात, हेही विसरून चालणार नाही.

भांड्यावरचे नाव

आपल्या घरांत शिलालेखाचे काम भांड्यांनी केलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात भांडे द्यावयाचे तर त्यावर नाव घालून द्यावयाचे, हा आपला फार जुना नसला तरी फार पसरलेला रिवाज. हातोडी आणि बारीक टोचा घेऊन बसलेला माणूस भांड्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी अक्षरे उठवीत जाई. कोणी दिले, कोणास दिले, कशानिमित्त दिले आणि कोणत्या तारखेस, इतके त्या एका ओळीत येते. आत कितीदा कल्हई झाली तरी बाहेरचे नाव राहते.

या ओळींचे विशेष महत्त्व असे की, त्यांत स्त्रियांची नावे येतात. ‘मामाकडून’, ‘आत्याबाईंकडून’, ‘कैलासवासी अमकीच्या स्मरणार्थ’ असा मजकूर वाचीत गेले की वंशवृक्षात ज्यांना फांदी मिळाली नाही अशी माणसे एकेक करून पुढे येतात. वंशवृक्ष मुलग्यांवरून खाली उतरतो. भांडी मात्र मुलींबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात जातात. म्हणून आपल्या आजीच्या माहेरचा शोध आपल्या वंशवृक्षात लागत नाही, तो तिच्या तांब्याच्या कळशीवर लागतो. कळशीवरचे आडनाव आपल्या ओळखीचे नसेल तर तो चुकून घरात आलेला जिन्नस समजू नये. तेथूनच चौकशीला आरंभ करावा.

या साधनाचा नाश कसा झाला हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्टेनलेस स्टीलची भांडी आली, घासावयास सोपी, कल्हईची कटकट नाही. आणि घरोघरचे तांब्या-पितळेचे भांडे मोडीत गेले. मोड वजनावर घेतात, अक्षरांवर नाही. हीच गत जुन्या लुगड्यांची झाली. जरीचा पदर जाळून चांदी काढून घेतली गेली आणि उरलेल्या जुन्या कपड्यांवर बोहारणीने दोन पातेली दिली. त्या बिचाऱ्या बाईंना आम्ही दोष देत नाही. घरात पैशाची ओढ होती, जागेची अडचण होती आणि रोज भांडी घासणाऱ्या हातांना सुटका हवी होती. मात्र यापुढे भांडे मोडीत देताना काठाखालचे नाव आधी उतरून घ्यावे, इतके तरी करता येण्यासारखे आहे.

पत्रिका, तिथी आणि दोन नावांची एक स्त्री

फोटोने चेहरा दिला, भांड्याने नाव दिले. काळ ठरवावयास जन्मपत्रिका उपयोगी पडते. पत्रिकेत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असे सर्व असते. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो; जानेवारीच्या आरंभापासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात. शक फाटून गेला असेल आणि संवत्सराचे नाव तेवढे उरले असेल तरी निराश होऊ नये. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. दुर्मुख संवत्सर म्हणजे शके १८१८ किंवा शके १८७८. इसवी सनाच्या हिशेबाने १८९६-९७ किंवा १९५६-५७. आजी यांपैकी कोणत्या दुर्मुखात जन्मली हे ठरविण्यास शास्त्री लागत नाही, तिचा एक फोटो पुरतो.

मृत्यूची गोष्ट थोडी निराळी. आपल्या घरांत श्राद्धाची तिथी लक्षात राहते, वर्ष विसरले जाते. अशा वेळी मोठ्या साथींच्या आठवणी कामी येतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने कहर केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ‘आठ दिवसांत घरातली तिघे गेली’ अशी घरात परंपरागत आठवण असेल आणि तिन्ही तिथ्या एकाच पंधरवड्यातल्या असतील, तर त्या कोणत्या वर्षाच्या असाव्यात याचा अंदाज बांधता येतो आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत नेमके पान शोधता येते.

पितृपक्षातील महालयाची यादी हे असेच एक दुर्लक्षित साधन आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात. महालयात तर चुलते, मामा, आत्या, मावशी, बहिणी, सासरे, गुरू अशी पुष्कळ नावे येतात. ती तोंडपाठ राहणे कठीण, म्हणून कित्येक घरांत ती वहीच्या पानावर लिहून ठेवलेली असतात. कुलवृत्तांतात न मिळणारी आत्या या यादीत मिळते. ज्यांच्या घरी अशी वही नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांभाळून ठेवतात आणि दारी येऊन त्या वाचून दाखवितात. त्यांना चार पायली धान्य घालून पाठविण्यापूर्वी त्यांचे म्हणणे कोणीतरी लिहून घेतले पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे चाल. त्यामुळे पत्रिकेत एक नाव, भांड्यावर दुसरे, माहेरच्या पत्रांत तिसरेच लाडके नाव आणि यादीत चौथे, असे एकाच स्त्रीचे चार स्त्रियांत रूपांतर होते. उलट, पहिली पत्नी बाळंतपणात गेली आणि दुसरीचेही नाव घरच्या आवडीने तेच ठेवले, तर दोन स्त्रियांची एक होऊन जाते. हा घोटाळा निस्तरण्यास तारखांचा ताळा घेण्यावाचून मार्ग नाही.

देव्हाऱ्यातील पदक

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत अनेक घरी पहिल्या महायुद्धातील पदके आहेत. कित्येक ठिकाणी ती देवाशेजारी ठेवलेली असतात आणि ती कोणाची हे सांगणारे कोणी राहिलेले नसते. अशा पदकाची कड भिंगाखाली पाहावी. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उठविलेली असते. हा नंबर आणि ती पलटण हाती आली की घरातला निनावी ‘लढाईवर गेलेला काका’ एकदम इतिहासात येऊन उभा राहतो.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या सैन्यात मराठा पलटणी पुष्कळ होत्या. कुत-अल-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरात वेढ्यात सापडलेल्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ते सैन्य शरण गेले. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या चालीत कितीतरी माणसे मेली. जे परत आले नाहीत त्यांच्या वारसांना सरकारने सुमारे पावणेपाच इंच व्यासाची काशाची गोल ढाल पाठविली. साम्राज्यभर अशा तेरा लाखांहून अधिक ढाली वाटल्या गेल्या. तीवर मृताचे नाव आहे, हुद्दा नाही. कारण मृत्यूत सर्व सारखे, असा त्यामागचा विचार होता.

हा विचार दगडाच्या स्मारकात मात्र पाळला गेला नाही. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर न मिळालेल्या चाळीस हजारांहून अधिक योद्ध्यांचे स्मारक बसऱ्यास आहे. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, परंतु साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत. पलटणीच्या नावाखाली मेलेल्यांचा केवळ आकडा आहे. हा भेदभाव झाला हे युद्धस्मशाने सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानेच २०२१ सालच्या अहवालात मान्य केले. तेव्हा ज्या शिपायाला बसऱ्याच्या दगडावर नाव मिळाले नाही, त्याचे नाव कोयनेकाठच्या एखाद्या घरात काशावर उठविलेले आहे. तो देव्हारा हे त्याचे स्मारक होय. ती ढाल कोणी वजनावर विकली तर मोडीत नुसते कासे जाणार नाही.

सरकारने काढलेले फोटो

आतापर्यंत आम्ही बोललो ते ज्यांच्या घरी काही वस्तू उरल्या त्यांच्याविषयी. पण ज्यांनी कधी स्टुडिओची पायरी चढली नाही, नाव घातलेले भांडे घेतले नाही, त्यांचे काय? त्यांचाही फोटो कधी कधी असतो. तो त्यांनी काढविलेला नसून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याने काढलेला असतो.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारबंद मजूर म्हणून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. बहुतेक कलकत्त्याहून व मद्रासहून गेली, पण काही मुंबई बंदरातूनही चढली, आणि त्यांत कोकणातले व घाटावरचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. १८६७ साली त्या बेटाच्या सरकारने असा कायदा केला की, कराराची मुदत संपलेल्या प्रत्येक मजुराने आपला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा. पास नसेल तर पोलिसांनी पकडावे. हे फोटो कौतुकाने काढलेले नव्हते. मजूर मळ्यावरून पळू नये, इकडेतिकडे फिरू नये, एवढ्यासाठी ते काढले गेले. आज ते आणि नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहेत. आपल्या पणजोबाचा नंबर घेऊन मॉरिशसचे लोक तेथे येतात. वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि अंगावरच्या खुणा आढळतात. आणि नशीब असले तर त्याचा चेहराही. ज्या कागदाने त्याला बांधून ठेवले होते त्याच कागदाने तो आपल्या नातवंडांना परत मिळाला.

हे दूरचे बेट म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे मतदारांना फोटो असलेली ओळखपत्रे १९९३ पासून देण्यास आरंभ झाला. खेड्यापाड्यांतील कित्येक म्हाताऱ्या स्त्रियांच्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा फोटो होता. काळपट, डोळे मिटलेला, नाव चुकीचे छापलेला असा तो असेल. पण नातवाला आजी दाखवावयाची तर तेवढाच आहे. ती गेल्यावर कार्ड निरुपयोगी झाले म्हणून टाकून देऊ नये.

घरची आख्यायिका आणि घरची लाज

वस्तूंचा असा मेळ घालू लागले की दोन प्रसंग हटकून येतात. पहिला असा की, घरातील आवडती आख्यायिका खोटी ठरते. पेशव्यांनी दिलेली म्हणून दाखविली जाणारी तसबीर मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातील निघते आणि तो छापखाना तर १८९४ साली प्रथम मुंबईस सुरू झाला. यात खेद मानण्याचे कारण नाही. तसबीर पेशव्यांची नसली तरी ज्या आजेसासूबाईंनी पैसे साठवून ती विकत घेतली त्यांची ती आहे, आणि त्या आपल्या अधिक जवळच्या आहेत.

दुसरा प्रसंग नाजूक असतो. सामुदायिक फोटोतील एक चेहरा कात्रीने कापलेला, किंवा सुईने खरवडलेला आढळतो. कोणी विधवेने पुनर्विवाह केलेला असतो, कोणी धर्मांतर केलेले असते, कोणी खालच्या समजल्या गेलेल्या जातीत लग्न केलेले असते. आणि घराने त्या माणसाला फोटोतूनही हाकलून दिलेले असते. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली, पण घराची मान्यता मिळावयास आणखी कितीतरी वर्षे गेली, याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात नसून या फाटक्या फोटोत आहे. सोवळ्या केलेल्या तरुण विधवा तर बहुतेक फोटोंत नसतातच. मंगल प्रसंगी त्या मागच्या दारी, स्वयंपाकघरात असत. फोटोत कोण नाही हेही मोजावे. घराण्याचा इतिहास लिहिणाराने ही रिकामी जागा आपल्या पदरचे काही घालून भरू नये आणि झाकूनही टाकू नये. हयात माणसांचे मन राखून, पण जे झाले ते झाले असे लिहावे.

काय करता येईल

आता व्यवहाराचे चार शब्द. घरातील जुन्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावी. शाईचे अथवा बॉलपेन वापरू नये, त्याचा डाग पुढच्या बाजूस उमटतो. नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहावी, स्त्रियांची माहेरची व सासरची अशी दोन्ही लिहावी, आणि ही माहिती कोणी व कोणत्या दिवशी सांगितली तेही खाली लिहावे. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह घालण्यास लाजू नये. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नये. तो कागदाच्या पाकिटात, दमट भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा. फोटोची प्रत मोबाईलवर काढणे आता सोपे झाले आहे, ती अवश्य काढावी आणि नात्यातल्या चार घरी पाठवावी. पण मोबाईलला तारीख समजते, आत्याबाई समजत नाहीत. नाव माणसानेच घालावे लागते.

आणि हे काम कोणाजवळ बसून करावयाचे? घरात पंच्याऐंशीच्या घरातले जे माणूस असेल त्याच्याजवळ. त्याची आजी बहुधा १८८० ते १८९० च्या सुमारास जन्मलेली. त्याने तिला पाहिले आहे, तिच्या हातचे खाल्ले आहे, तिच्या तोंडून तिच्या सासूच्या गोष्टी ऐकल्या आहेत. म्हणजे या एका माणसाच्या आठवणीने आपण दीडशे वर्षे मागे पोहोचतो. त्यांना ‘तुमच्या लहानपणचे काही सांगा’ असे विचारले तर ते ‘काय सांगायचे, गरिबी होती’ इतके बोलून थांबतील. त्यांच्या हाती फोटो द्यावा, तांब्या द्यावा, आणि ‘ही कोण?’ इतकेच विचारावे. मग नावे निघतात, नावांमागून माणसे निघतात. ‘हिला मी ताई म्हणत असे, ही बाळंतपणात गेली, हिचा मुलगा पुढे मुंबईस गिरणीत लागला’ असे धागे सुटत जातात आणि लिहिणाराच्या हाताला दम पुरत नाही.

राजवाड्यांच्या पिढीने कागद वाचविण्यासाठी पायपीट केली. आपणांस तितकी पायपीट करावयाची नाही. आपले दप्तर आपल्याच माळ्यावर, आणि ते वाचून दाखविणारे आपल्याच ओसरीवर बसलेले आहे. येत्या सुटीत लेकी माहेरी येतील, मुले आजोळी जातील, चार बहिणी एकत्र जमतील. त्या दिवसांत माळ्यावरची एक पेटी खाली काढावी. सारी पेटी एका दिवसात उरकणार नाही. पण दहा फोटोंवर नावे पडली तरी दहा माणसे निनावी व्हावयाची वाचली, आणि तेवढे काम त्या सुटीला पुष्कळ झाले.